जो बसंल त्याची मोटार

तिसगावच्या भर बाजारात, ऊन डोक्यावर असताना, मी एका परक्या नवरदेवाच्या मोटारीत जाऊन बसले. नुसती बसले नाही. दार ओढून घेतलं, पदर सावरला, शंकरपाळ्यांचा डबा मांडीवर ठेवला आणि समोर बघत म्हणाले, "यायचं होतं तर आधी कळवायचं तरी!"

माझी नात म्हणते, आजी, हे तू लिहू नकोस. मी म्हणते, जे अख्ख्या बाजारानं पाहिलं ते आता कुणापासून लपवू?

तेव्हा मला विसावं लागलं होतं. नगरच्या मुलींच्या बोर्डिंगात शिकून, ट्रेनिंग उरकून मी तिसगावच्या मिशनच्या शाळेत बिगरीच्या पोरांना शिकवत होते. बाबा त्याच शाळेचे हेडमास्तर. गावातल्या माझ्या आईच्या वयाच्या बायका मला 'बाई' म्हणायच्या, त्यामुळं आपल्याला अक्कल आहे असा माझा पक्का समज झाला होता. अंगात खादीचं पोलकं, हातात छत्री, आणि डोक्यात मोटार.

मोटार डोक्यात कशी शिरली ते सांगायचं तर आधी कंपनीचं सांगितलं पाहिजे.

लढाई नुकतीच संपली होती. नव्या मोटारी कुठून येणार? पेट्रोलसुद्धा कुपनावर. पण आमच्या जिल्ह्यात चार भावांनी मिळून मोटारी विकायची कंपनी जोरात चालवली होती. थोरला नगरला, स्टेशनच्या रस्त्यावर मोठ्या काचेमागं बसायचा. त्याला सगळे शेठ म्हणत. दुसरा राहुरीला, तिसरा कोपरगावला. चौथ्याची शाखा पाथर्डीला होती, म्हणजे एका शिंप्याच्या ओट्यावर कंपनीची पाटी टांगली होती आणि कुणी चौकशीला आलं की शिंपीच काखेत टेप खोचून बोलायचा. विकायला असायच्या त्या जुन्याच मोटारी. एकदा विकायच्या, दमल्या की परत घ्यायच्या, रंग द्यायचा आणि पुन्हा विकायच्या. रंग मात्र झकास असायचा. आरशासारखा. त्यात तोंड बघून गिऱ्हाईक खूश होई, आणि बाकीचं बघायचं राहून जाई.

नगरला घेतलेली मोटार बिघडली की शेठ म्हणायचे, राहुरीला न्या, मिस्त्री तिकडं आहे. राहुरीचा भाऊ म्हणायचा, सामान कोपरगावला मिळेल. कोपरगावचा भाऊ प्रेमानं चहा पाजायचा आणि विचारायचा, घेतलीत कुठं? नगरला? मग असं करा, नगरलाच जा. अशी ती मोटार बैलांच्या मागं बांधून जिल्हाभर फिरून यायची. म्हणून आमच्याकडं लोक म्हणत, कंपनीची गाडी खुशाल घ्यावी, बैल तेवढे विकू नयेत. शेठनं काचेवर लिहून ठेवलं होतं, 'एकदा आमच्याकडे आलेला पुन्हा दुसरीकडे जात नाही.' लोक म्हणत, जाईल कसा?

आणखी एक. कंपनी गाडी चालवून दाखवायची ती नेहमी नगरहून आमच्या अंगाला. मधे करंजीचा घाट आहे आणि तो इकडं उतरतो. त्या उतारावर दगड सोडला तरी तो तिसगावपर्यंत डौलात येईल. गिऱ्हाईक म्हणायचं, काय पळते! परत चढायची वेळ यायची तेव्हा सौदा झालेला असायचा.

आता एवढं सगळ्या जिल्ह्याला ठाऊक असताना शेठची अब्रू टिकली कशी? दानधर्मानं. त्यानं देवीच्या देवळाला घंटा दिली, मशिदीला घड्याळ दिलं आणि आमच्या चर्चला बाक दिला. बाकाच्या पाठीवर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत कंपनीचं नाव, खाली सगळ्या शाखा. प्रार्थनेला डोळे मिटायच्या आधी आणि आमेन म्हणून उघडल्यावर मला पहिल्यांदा तेच दिसायचं. बाकाचा एक पाय आखूड होता. त्यावर बसलेल्यांपैकी एक खोकला की बाकीचे डुलायचे. बाबा म्हणायचे, "शेठनं दुकानातला नमुना पाठवलाय." सगळे हसायचे. मी हसायची नाही. मला वाटायचं, ज्याचं नाव देवाच्या घरात लिहिलंय त्याला ही खेड्यातली माणसं उगीच नावं ठेवतात. शिकलेली होते ना मी! रंगवलेलं अक्षर दिसलं की माझा विश्वास बसायचा.

अशात आत्यानं स्थळ आणलं. मुलगा आमच्याच समाजातला, मॅट्रिक झालेला, कंपनीच्या राहुरीच्या शाखेत नोकरीला. "मोटारकंपनीत हाय," आत्या म्हणाली. माझ्या कानांनी 'कंपनीत' गाळलं आणि 'मोटार' ठेवून घेतलं.

पाहायला आले ते मोटारीतूनच. काळीभोर लांबलचक अमेरिकन गाडी, वर कापडी हूड. पुढचे दोन दिवे मात्र एकासारखा एक नव्हता. डावा परातीएवढा, उजवा वाटीएवढा. त्यामुळं गाडी सारखी डोळा मारते आहे असं वाटायचं. समोर दोन रिकाम्या कड्या होत्या. मला वाटलं, हार अडकवायला असतील. खाकीतल्या ड्रायव्हरनं उतरून कडक सलाम ठोकला. मागून मुलगा उतरला, त्याची आई उतरली, मामा उतरले. मी खिडकीच्या फटीतून पाहत होते. काय पाहत होते? दिवे, हूड, चाकं.

त्यातूनही मुलानं जे जे केलं ते मी माझ्या सोयीनं लावून घेतलं. उतरल्या उतरल्या तो चाकाशी वाकला, हात लावला आणि हात नाकाशी नेला. केवढी माया गाडीवर, मी म्हटलं. पोरं जमली तशी तो म्हणाला, "टेकू नका रे दाराला." किती जपतो! चहा पिताना त्याची नजर माझ्यावरून सारखी बाहेर मोटारीकडं जायची. असू दे, आपल्या वस्तूकडं कोण बघत नाही? त्यानं मला एकच प्रश्न विचारला.

"घाटात मळमळतं का तुम्हाला?"

मी मान हलवून नाही म्हणाले. माझ्या डोळ्यांपुढं तेवढ्यात महाबळेश्वर उभं राहिलं. कपबशा विसळायच्या आत मी आईला सांगून टाकलं, मला पसंत आहे. आई म्हणाली, "कोण पसंत हाय? नवरा का गाडी?" मी रुसले.

आमच्यात लग्न ठरलं की तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारतात. पाळकसाहेब उभे राहून सांगतात की अमक्याचा मुलगा नि तमक्याची मुलगी यांचं लग्न व्हायचं आहे, कुणाची काही हरकत असेल तर आताच सांगा. तिसरा रविवार पार पडेपर्यंत काही खरं नसतं. कुणीही उठू शकतं. आमचे दोन रविवार बिनबोभाट पार पडले होते. राहिला होता एक.

आणि त्या आधीच्या बाजाराच्या दिवशी मी हा पराक्रम केला.

बाजारामुळं शाळा अर्धीच होती. पोरं सुटली, मी फाटकाशी आले, तर चिंचेखाली, भेळवाल्याच्या पाठीमागं, ती मोटार! परातीएवढा दिवा आणि वाटीएवढा दिवा. जगात दुसरी अशी असणंच शक्य नाही. मला वाटलं, तो चोरून भेटायला आला. लग्नाआधी भेटायची रीत नव्हती, म्हणूनच तर अधिक गोड वाटलं. मी घरी पळाले. आई बाजारात गेलेली. व्हॉईलचं पातळ नेसले, तोंडाला इतकी पावडर फासली की भिंतीला टेकले असते तर भिंतीत मिसळून गेले असते. डब्यात शंकरपाळ्या भरल्या आणि भाजीवाल्या, मिरचीवाले, शेरडं, सगळ्यांमधून छत्री उघडून चालत गेले. ड्रायव्हर विडी ओढत पलीकडं उभा होता. मागचं दार सुतळीनं बांधलं होतं. ती सोडली आणि आत शिरले.

सभ्य मुलीनं पुरुषाच्या तोंडाकडं बघायचं नसतं, हे बोर्डिंगात शिकवलं होतं. ते मी नेमकं त्या दिवशी पाळलं. समोर बघतच बोलत राहिले.

"यायचं होतं तर आधी कळवायचं तरी!"

शेजारचा जरा दचकला असावा. मग म्हणाला, "तुमच्या वडलांनी पाठवलं का?"

"बाबांना कशाला सांगू? मी माझी आले."

"वा वा," तो म्हणाला. आवाज मला घोगरा वाटला. धुळीनं बसला असेल, मी म्हटलं. "मोटार आवडली का?"

"आवडली म्हणजे? आता काय, आपलीच ना."

"आपलीच! घरी आणखी दोन हायेत."

आणखी दोन! हे आत्या बोलली नव्हती. आनंदानं मी सगळं शिक्षण विसरले आणि वळून पाहिलं. गुलाबी फेटा. काळा चष्मा. सोन्याचा दात. माझा होणारा नवरा दिसायला कसा होता ते मला नक्की आठवत नव्हतं, पण दात त्याचे घरचे होते एवढी खात्री होती.

मी किंचाळले. शंकरपाळ्या सगळ्या त्याच्या धोतरावर. आणि बाहेर पाहते तो खिडकीशी गावचे पाटील, त्यांच्याबरोबर दोन पाहुणे, आणि त्यांच्यामागं अख्खा बाजार.

एक पाहुणा कौतुकानं म्हणाला, "हीच का आपली मुलगी? धीट हाय."

पाटील म्हणाले, "ही मास्तरांची. आमची घरात हाय." मग मला म्हणाले, "बाई, तुमी हितं काय करताय?"

झालं होतं असं की सोन्याचा दात पाटलांच्या मुलीला पाहायला आला होता. पाटलांची मुलगी म्हणजे माझी मैत्रीण. दुपारची माझ्याकडं वाचायला शिकायला यायची. पाहुणे पुढं वर्दी द्यायला गेले होते आणि नवरदेव मोटारीत ताटकळत होता. हे सगळं मला तेव्हा कुठं ठाऊक? मी उतरले आणि छत्री उगारून ओरडले, "ही मोटार माझ्या होणाऱ्या मालकांची आहे! हा कोण आत बसलाय?"

"मालक मी हाय," सोन्याचा दात आतून म्हणाला.

"खोटं! हिच्यातून ते मला पाहायला आले होते!"

पाटील शांत माणूस. त्यांनी ड्रायव्हरला बोट केलं. "का रं, मोटार कुनाची?"

ड्रायव्हरनं विडी टाकली, पायानं विझवली, सलाम ठोकला. "साहेबांची."

"कंच्या साहेबाची? ही बाई म्हनती तिच्या नवऱ्याची. ह्यो म्हनतो माझी."

ड्रायव्हरनं माझ्याकडं पाहिलं, आत पाहिलं, आभाळाकडं पाहिलं. "आता काय सांगू पाटील? जो बसंल त्याची."

बाजार इतका हसला की शेरडं बिथरली. पाटील हसले नाहीत. त्यांनी पुढच्या रिकाम्या कड्या निरखल्या, सोन्याच्या दाताला उतरवलं आणि मागची बैठक उचलली. खाली लाकडी पाटी होती. त्या दोन कड्यांत अडकवायची तीच. कंपनीचं नाव, सगळ्या शाखा, आणि मोठ्या अक्षरांत 'विकणे आहे'. पाटलांनी ती सगळ्यांना दिसेल अशी धरली. मी, शिकलेली बाई, गाडीतल्या त्या पाटीवरच बसले होते. अक्षर एकही टोचलं नव्हतं.

मेथीच्या जुड्या विकणारी एक म्हातारी पुढं आली. निरखून बघत म्हणाली, "मंजी नवरा बी विकायचाच हाय व्हय?"

मग सगळंच बाहेर आलं. ड्रायव्हरनं सांगितलं की कंपनी अशा गाड्या मुली पाहायला जाणाऱ्यांना देते. पाटी काढून. गाडी गावात उभी राहिली की गाव जमतं, गावातला पैसेवाला हळूच ड्रायव्हरला विचारतो, अशी कुठं मिळते, आणि ड्रायव्हर म्हणतो नगरला या. नवऱ्याला मुलगी मिळते, कंपनीला गिऱ्हाईक. सोन्याच्या दाताच्या घरी मोटारी सोडाच, सायकलही नव्हती.

पाटलांनी पाहुण्यांना निरोप दिला. मोटार निघेना. हँडल मारून ड्रायव्हर घामाघूम झाला. तेव्हा पाटलांनी स्वतःची बैलजोडी आणवली आणि गड्याला सांगितलं, "घाटाच्या वर नेऊन सोड. खाली सोडलास तर पुन्ना हितंच येतील." गुलाबी फेटा मागून ढकलत होता.

तुम्हाला वाटेल, कंपनीची बदनामी झाली. छे! शेठ काय कच्चा होता? पुढच्या आठवड्यात पाथर्डीच्या बाजारात तोच ड्रायव्हर भोंग्यातून सांगत होता म्हणे, आमची गाडी अशी की शिकलेल्या मुली आपण होऊन येऊन बसतात. चौकशा वाढल्या. अब्रू गेली ती माझी. पोरं मला बघून तोंडानं भोंगा वाजवायची. बिगरीतलं एक कार्टं तर वर्गात मला म्हणालं, "बाई, पाटी कुटं हाय?"

बाजाराच्या दुसऱ्याच दिवशी चर्चची पंचमंडळी बाबांकडं आली. वडीलधारी माणसं, वाईट कुणी नाही, पण तोंडं अशी केलेली की घरात मयत झालंय. म्हणाले, मुलगी परपुरुषाशेजारी बसली, गावानं पाहिलं. मुलाच्या कानावर गेलं असणारच. येत्या तिसऱ्या पुकाऱ्याला त्याच्याकडचा कुणी उठला तर चर्चची शोभा होईल. पाळकसाहेबांनी निवाडा दिला की मुलगा स्वतः रविवारी येऊन माझी हरकत नाही म्हणाला तरच नावं वाचीन. नाही आला तर हे लग्न मोडलं समजा. राहुरीला निरोप गेला.

बाबा पोरांच्या वह्या तपासायला बसले. आई बोलली, पण ते इथं लिहिण्याजोगं नाही.

मी रडले. आता खरं सांगते, आधी मोटारीसाठी रडले. महाबळेश्वर गेलं म्हणून रडले. मग राग आला की त्यानं मला फसवलं. मग हळूहळू भीती शिरली, की तो आलाच नाही तर? मोडलेल्या लग्नाच्या मुलीला दुसरं कोण विचारणार, आणि तेही मोटारीवाल्या बाईला? मी त्याचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. येईना. डोळे मिटले की एक मोठा दिवा आणि एक लहान दिवा. नवरा कसा दिसतो म्हणून कुणी विचारलं असतं तर मी टायरांचं वर्णन केलं असतं.

रविवार उजाडला. मंडळी चर्चकडं गेली. मी शाळेच्या ओट्यावर बसून होते, म्हणजे मला बसवून ठेवलं होतं. फाटकातून एकजण सायकल ढकलत आला. डोक्यापासून पायापर्यंत धूळ, पॅन्टच्या एका पायाला चेन लागून काळं झालेलं. बाबांकडं नेहमी कुणीतरी अर्ज लिहून घ्यायला येत असे.

मी म्हणाले, "मास्तर चर्चात आहेत. दुपारून या."

तो म्हणाला, "मास्तरांकडं नाही. तुमच्याकडं आलोय."

"माझ्याकडं काय काम?"

त्यानं टोपी काढून झटकली. "ओळखलं नाहीत. बरोबर आहे. आज मोटार नाही."

एका आठवड्यात मी परक्याला आपला समजले होते आणि आपल्याला परका. जमीन दुभंगेल तर बरं, असं झालं. पण लाज वाटली की मला भांडायला सुचतं, ही माझी जुनी खोड.

"तुम्ही मला फसवलंत," मी म्हणाले.

"गाडी माझी आहे असं मी एकदा तरी म्हणालो?"

"म्हणाला नाहीत. पण चाकाला हात लावून वास घेतलात, तो?"

"ब्रेक जळले का बघत होतो. घाटात धूर निघाला होता."

"पोरांना टेकू नका म्हणालात."

"दार निखळतं."

"आणि चहा पिताना सारखं बाहेर?"

"परत घाट चढेल का, ही काळजी. नाहीच चढली. आई नि मामा चालत वर आले. आई अजून माझ्याशी धड बोलत नाही."

मला हसू येत होतं, पण मी ते येऊ दिलं नाही. "मग मळमळतं का म्हणून कशाला विचारलंत?"

तो कानापर्यंत लाल झाला. "दुसरं काही सुचलं नाही. गिऱ्हाइकाच्या बायकोला आम्ही पहिल्यांदा तेच विचारतो."

इथं मी हसलेच असते. पण मला पाटलांची मुलगी आठवली. त्या दिवसापासून ती वाचायला आली नव्हती.

"त्या सोन्याच्या दातवाल्याला गाडी कुणी दिली?"

तो सायकलची घंटी पुसायला लागला. "राहुरीच्याच शाखेतून गेली. किल्ली मीच दिली."

"कशाला नेतोय ते ठाऊक होतं?"

"होतं."

"कुणाची मुलगी ते विचारलंत?"

"शेठनं सांगून ठेवलंय, ते विचारायचं नाही. पाटलांकडं जातोय एवढं तो आपण होऊन बोलला. म्हणून ड्रायव्हरला म्हटलं, शाळेवरून जाऊ नकोस, बाजारात थांब."

"का?"

"तुम्ही गाडी पाहाल म्हणून."

"पाहिली!"

"कळलं," तो म्हणाला. "जिल्ह्याला कळलं."

आता मात्र मला खरा राग आला. स्वतःच्या अब्रूसाठी नव्हे. हा माणूस माझ्या डोळ्यांपासून गाडी लपवायला धडपडला, आणि माझ्या मैत्रिणीच्या गळ्यात तो सोन्याचा दात पडणार होता त्याचं त्याला काही नव्हतं. मी म्हणाले, "तुम्हाला हरकत आहे की नाही ते पाळकसाहेब विचारतील. माझी हरकत मला कुणी विचारणार नाही, म्हणून आताच सांगते. पाटलांचं घर ते समोर. आधी तिथं जाऊन सांगा किल्ली कुणी दिली. नाहीतर चर्चमध्ये मीच उठून उभी राहीन."

बोलून गेले खरी. चर्चची पहिली घंटा झाली होती. तो तिकडं गेला आणि तसाच नगरच्या रस्त्याला लागला तर? सायकल त्याच्या हातात होती. घाट चढायचा होता, पण माणूस चढतो हो, मोटारीसारखा थोडाच असतो.

त्यानं सायकल ओट्याला टेकवली. तिथंच ठेवून चालत गेला.

मी ओट्यावरून पाहत होते. पाटील दारात आले. तो काहीतरी बोलला. हात मागं बांधलेले, मान खाली. पाटलांनी ऐकून घेतलं. मग आत हाक मारली, तशी माझी मैत्रीण पाण्याचा तांब्या घेऊन आली. तांब्या त्याच्या हातात न देता तिनं ओट्यावर ठेवला आणि काहीतरी म्हणाली. नंतर मला कळलं, ती म्हणाली होती, "दाजी, किल्ल्या देताना तोंड उघडत जावा." तो पाणी प्यायला. दाजी म्हणाली, म्हणजे तिच्याकडून निकाल लागला होता.

मग त्याच्या मागोमाग मीही चर्चमध्ये जाऊन बसले. पाळकसाहेबांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. धुळीचा पुतळाच. "मुलीचं जे झालं ते तुमच्या कानावर आहे. तुमची काही हरकत?"

"काही नाही," तो म्हणाला. "गाडी माझ्या हातून गेली होती. हरकत असलीच तर ती माझ्यावर घ्या."

बाकावर कुणीतरी खोकलं, बाकीचे डुलले. पाळकसाहेबांनी नावं वाचली. कुणी उठलं नाही. मीही नाही. मी त्याच्याकडं बघत होते. नाक थोडं वाकडं होतं, भुवया जाड, एका कानाची पाळी दुसरीपेक्षा मोठी. नशीबच माझं असलं, म्हटलं; पण या वेळी नीट पाहून घेतलं.

उपासना सुटल्यावर तो लिंबाखाली माझ्याजवळ आला. चार हातांवरून, लोकांदेखत.

"शेठचा निरोप आहे," तो म्हणाला. "लग्नाला मोटार देतो म्हणतात. फुकट. पाटी मात्र काढायची नाही, आणि तुम्ही आपल्या हातानं दार उघडून बसायचं, सगळ्या गावासमोर."

"सांगा त्यांना, मला त्यांची मोटार नको."

"ती नाही, दुसरी आहे. हिचे दोन्ही दिवे सारखे आहेत."

"नको म्हटलं ना!"

"बरं," तो म्हणाला आणि सायकलकडं निघाला.

मी दहा पावलं गप्प राहिले. तेवढंच जमलं.

"दुसरी कोणत्या रंगाची आहे?" मी विचारलं.

तो थांबला, वळला, आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघून म्हणाला, "बाई, नको म्हणून रंग विचारणारं गिऱ्हाईक गाडी घेतल्याशिवाय जात नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे, पण तुम्हाला मी ही गाडी विकणार नाही, फुकटसुद्धा नाही."